निळाईआडची वीट

इराणी मशीद म्हटलं की हल्ली मोबाइलच्या पडद्यावर दोनच चित्रं येतात. पहिलं शिराझच्या नासिर-उल-मुल्क मशिदीचं. सकाळचं कोवळं ऊन रंगीत काचांमधून आत आलेलं असतं, गालिच्यावर लाल-पिवळे-निळे कवडसे सांडलेले असतात आणि त्या कवडशांत एखादा पर्यटक डोळे मिटून बसलेला असतो. त्याच्यामागे फोटोसाठी ताटकळणाऱ्यांची रांग असते, ती तेवढी चित्रात येत नाही. दुसरं चित्र इस्फहानच्या भव्य मैदानावरच्या निळ्या घुमटाचं. वर आकाश निळं, घुमट निळा, पुढ्यात पाण्याचा तलाव, तोही निळा.

दोन्ही इमारती देखण्या आहेत, यात वाद नाही. पण शिराझची ती मशीद १८७६ ते १८८८ या काळातली, म्हणजे मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहत होतं त्या सुमाराची. इस्फहानचा निळा घुमट सतराव्या शतकातला. त्याच्याही आधी आठशे-नऊशे वर्षं इराणचे गवंडी मशिदी बांधत होते आणि त्यातल्या बऱ्याच काळात रंग त्यांच्या हाताशी जवळजवळ नव्हताच. होती ती भट्टीत भाजलेली, मातकट, पसरट चौकोनी वीट. इराणी वास्तुकलेची खरी करामत त्या विटेत आहे. रंगावरच थांबणारा माणूस पुरणपोळीवरचं तूप चाटून पानावरून उठतो.

पोळी चाखायची तर त्याच इस्फहानमध्ये, पण त्या प्रसिद्ध मैदानापासून दूर जावं लागतं. मैदानाच्या उत्तर टोकाला बाजाराचं तोंड आहे. तिथून छपराखालच्या गल्लीतून तांब्याची भांडी, गालिचे, मसाले, प्लास्टिकच्या बादल्या असं सगळं ओलांडत दोनेक किलोमीटर चाललं की एका साध्याशा दारातून माणूस मस्जिद-ए-जामेमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या जुम्मा मशिदीत येतो. बाहेरून पाहावं असं या मशिदीला तोंडच नाही. बाजार, घरं आणि मशीद एकमेकांना इतकी लगटून उभी आहेत की कोण कुठे संपतं ते कळत नाही. मैदानाला जागतिक वारशाचा दर्जा १९७९ मध्येच मिळाला. त्याहून कितीतरी जुन्या या मशिदीला तो मिळायला २०१२ उजाडलं. देखण्या वस्तूकडे आधी लक्ष जातं, हे युनेस्कोलाही चुकलं नाही.

ही मशीद कुणी बांधली, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आठव्या शतकात इथे पहिली मशीद झाली. नवव्या शतकात ती पाडून मोठी, खांबांच्या रांगांची मशीद उभारली गेली. दहाव्या शतकात बुवैही राजवटीत चौकाच्या चारही बाजूंना विटेच्या खांबांची आणखी एक ओळ आली. अकराव्या शतकात सेल्जुक तुर्कांनी दोन घुमट बांधले, बाराव्यात चार ऐवान आले, चौदाव्यात मंगोलांच्या वारसांनी एक मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, आणि त्यांच्या नंतर आलेल्यांनी एक मदरसा जोडला, पंधराव्यात तैमूरच्या वंशजांनी हिवाळी दालन बांधलं, आणि त्यानंतर सफवी शाहांनी चौकाच्या भिंतींना टाइल्सचा साज चढवला. १९७०च्या दशकात इटालियन पुरातत्त्वज्ञांनी फरशीखाली खणलं, तेव्हा आठव्या शतकातली भिंत आपल्या चुन्याच्या नक्षीसह खाली निजलेली सापडली. वीस हजार चौरस मीटरांहून मोठी ही जागा म्हणजे बाराशे वर्षांचं वीटकाम आहे आणि त्यातल्या एकाही पिढीने आधीच्या पिढीचं सगळं पुसून टाकलं नाही.

ऐवान म्हणजे तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू पूर्ण उघडी आणि वर उंच कमानीचं छत असलेलं दालन. एखाद्या राक्षसी देवळीसारखं. इस्लामच्या आधी सासानी सम्राट अशा ऐवानात दरबार भरवत. इस्फहानच्या गवंड्यांनी चौकाच्या चार बाजूंना चार ऐवान एकमेकांसमोर उभे केले आणि राजवाड्यातली ही रचना नमाजाच्या जागेत आणून बसवली. पुढे हेरातपासून समरकंदपर्यंत मशिदींचा आराखडा म्हटला की हाच. या चार ऐवानांची बोलीतली नावं तर मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतील अशी आहेत. दक्षिणेचा साहेब, पश्चिमेचा उस्ताद, त्याच्या बरोब्बर समोर पूर्वेला शागीर्द आणि उत्तरेला दरवेश. उस्ताद आणि शागीर्द चौकातल्या हौदावरून शतकानुशतकं एकमेकांकडे पाहत उभे आहेत, हे ज्याने कुणी नाव ठेवताना ओळखलं त्याला दाद द्यायला हवी.

आता घुमटांकडे. मशिदीत छोटे-मोठे घुमट आणि गोलछतं मिळून चारशेच्या वर आहेत, पण गोष्ट दोघांची आहे आणि ती राजकारणातली आहे. सेल्जुक सुलतान मलिकशाहचा वजीर निजाम-उल-मुल्क हा त्या काळातला सगळ्यात ताकदवान माणूस. ‘सियासतनामा’ हा राज्यकारभारावरचा ग्रंथ त्याचाच, बगदादचा निजामिया मदरसाही त्याचाच. त्याने १०८६-८७च्या सुमारास मशिदीच्या दक्षिण बाजूला, मेहराबीपुढे, जुन्या दालनाचे खांब काढून पंधराएक मीटर रुंदीचा प्रचंड घुमट बांधला आणि त्यावर सुलतानाच्या नावाबरोबर स्वतःचंही नाव कोरलं. दरबारात त्याचा एक वैरी होता, ताज-उल-मुल्क. हा सुलतानाची राणी तर्कान खातूनच्या गटातला. वारसा कुणाला मिळावा यावरून राणीचं आणि वजिराचं फाटलेलंच होतं. वजिराचा घुमट होतो न होतो तोच, १०८८-८९ मध्ये, ताज-उल-मुल्कने बरोबर विरुद्ध टोकाला, उत्तरेला, आपला घुमट बांधला. आकाराने लहान, पण पाहणाऱ्याने तुलना केल्याशिवाय राहू नये अशाच जागी.

दोघांनाही फार काळ मिरवता आलं नाही. १०९२ मध्ये निजाम-उल-मुल्कचा खून झाला, महिन्याभराने सुलतानही गेला आणि पुढच्याच वर्षी निजामाच्या माणसांनी ताज-उल-मुल्कला संपवलं. घुमट राहिले. आणि नऊशे वर्षांनंतरचा निकाल असा, की सामना हरलेल्या त्या धाकट्या घुमटाने जिंकला आहे.

त्याचं नाव गुंबद-ए-खाकी. खाक म्हणजे माती, धूळ. आपल्या पोलिसांच्या गणवेशाला रंगाचं नाव देणारा तोच शब्द. नावाप्रमाणेच हा घुमट आतून-बाहेरून मातीच्या रंगाचा. साधारण दहा मीटरांची चौकोनी खोली आणि वीस मीटरांची उंची, म्हणजे आपल्या सहा-सात मजली इमारतीएवढी. आत ना टाइल, ना सोनं, ना रंगीत काच. थोडा उजेड, आणि वीट.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा गवंड्यांचा जुना पेच. भिंतींना चार कोपरे, घुमटाला एकही नाही. उत्तर असं, की चौकोनाच्या चार कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकायच्या म्हणजे चाराचे आठ होतात. त्या आठांवर आणखी लहान सोळा कमानी उभारायच्या. सोळा बाजूंची आकृती वर्तुळाच्या इतकी जवळ येते की तिच्यावर घुमट अलगद टेकतो. दक्षिणेच्या मोठ्या घुमटातही हेच केलं आहे, पण तिथे खालचे खांब जाडजूड, वरचा भार डोळ्यांना जाणवणारा. खाकी घुमटात मात्र जमिनीपासून निघालेले बारीक अर्धखांब एकेका कमानीला नेमके जाऊन भिडतात. खालची प्रत्येक रेघ वर कुठे जाणार हे आधी ठरलेलं आहे. नजर भिंतीवर कुठेच अडत नाही. नक्षी आणि बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही आपली पक्की समजूत त्या खोलीत टिकत नाही, कारण जी वीट भार पेलते तीच नक्षी काढते. विटांमधल्या दरजा, त्यांची आडवी-उभी ठेवण, एखादी वीट अर्धा इंच पुढे काढल्याने पडलेली सावली, एवढंच काय ते अलंकरणाचं सामान. विटांच्या अशा विणीला इराणात हजारबाफ म्हणतात, हजार वेळा विणलेलं. विणकराचा शब्द गवंड्याने उचलला आहे.

आणि मग घुमटाच्या आतल्या पोटात ती पंचकोनी चांदणी. खाली सगळा हिशेब चार, आठ आणि सोळाचा. वर अचानक पाच. सोळाला पाचाने भाग जात नाही. वर्तुळाचे चार किंवा आठ भाग दोरी दुमडूनही पाडता येतात. पाच समान भाग पाडायला भूमिती यावी लागते, आणि ती वीस मीटर उंचीवर, आत वळणाऱ्या पृष्ठभागावर, परांचीवर उभं राहून, विटेत उतरवावी लागते. म्हणूनच काही अभ्यासकांना इथे उमर खय्यामचा हात असावा असा संशय येतो. खय्याम कवी म्हणून आपल्याला माहीत. त्याचा पेशा गणिताचा. १०७४ पासून तो मलिकशाहच्या इस्फहानमधल्या वेधशाळेत होता आणि १०७९ मध्ये लागू झालेल्या पंचांगाच्या सुधारणेत त्याचा वाटा होता. काळ जुळतो, गाव जुळतं. लेखी पुरावा मात्र काडीचाही नाही. खरं तर या संशयातच एक खोड आहे. गवंड्याच्या हातून काही अलौकिक घडलं की त्याला एखादं प्रसिद्ध नाव चिकटवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. घुमटावर वजिरांची नावं आहेत. ओळंबा धरणाऱ्याचं नाही.

वीटकामाची ही करामत कशातून आली, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. इराणच्या पठारावर लाकूड दुर्मीळ. कमान किंवा घुमट बांधायचा तर आपल्याकडे आधी खालून लाकडी आधार, म्हणजे सेंटरिंग लावतात. इराणच्या गवंड्याला ती चैन परवडणारी नव्हती. त्याच्याकडे होतं जिप्सम, फारसीत गच. जिप्समचा गारा काही मिनिटांत घट्ट होतो. त्यामुळे वीट लावली, क्षणभर हाताने दाबून धरली की ती चिकटली; पुढची वीट तिच्या आधाराने. खालच्या थराने वरच्या थराला पेलत घुमट हवेत वर चढत गेला. हा गच शब्द मराठीत केव्हाच राहायला आला आहे. आपली गच्ची त्याच्यावरच उभी आहे. भिंतीचा गिलावाही फारसी, गिल म्हणजे चिखल आणि आब म्हणजे पाणी. कमान फारसीत धनुष्य. मशिदीच्या मेहराबीची मराठीत महिरप झाली आणि ती गणपतीच्या मखरावर चढली. शाळेच्या फळ्यावर गणिताच्या महिरपी कंसात जाऊन बसली. आपल्या गवंड्याच्या तोंडची निम्मी भाषा त्या पठारावरून आलेली आहे, आणि आपण मात्र इराणी मशीद म्हणजे निळा रंग असं धरून बसलो आहोत.

११२१-२२ मध्ये मशिदीला आग लागली, पुष्कळ काही जळालं. दुरुस्ती झाली, ती एका दारावर कोरूनही ठेवली आहे. पण या इमारतीच्या नशिबी आलेल्या माणसांकडे पाहिलं तर आग किरकोळ वाटावी. १२५८ मध्ये बगदादची राखरांगोळी करणारा हुलागू खान. त्याचा पणतू सुलतान उल्जायतू मुसलमान झाला, शिया झाला आणि १३१० मध्ये त्याच्या नावाने इस्फहानच्या या मशिदीत एक मेहराब घडवली गेली. तिचा कारागीर हैदर. त्याने चुन्यात असं कोरीवकाम केलं आहे की जणू एका जाळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा वेली एकमेकींच्या वरून-खालून गेल्या आहेत आणि त्या वेलींमधूनच अक्षरं उगवली आहेत. सारं काम चुन्याच्या एका रंगात. हैदरने खाली आपली सही केली आहे. खाकी घुमटाच्या निनावी उस्तादानंतर दोनशे वीस वर्षांनी भेटलेली ही सही वाचताना बरं वाटतं.

तैमूरने १३८७ मध्ये इस्फहानमध्ये भयंकर कत्तल केली. त्याच्या पणतूच्या कारकिर्दीत, १४४७ मध्ये, मशिदीत हिवाळी दालन बांधलं गेलं. बुटके खांब, त्यांच्यातून जमिनीलगतच उगवणाऱ्या पसरट कमानी, एकूण भाव तंबूचा. छतात मधूनमधून पारभासी दगडाच्या चकत्या बसवल्या आहेत. त्यांतून बाहेरच्या उन्हाचा मधाळ उजेड खाली झिरपतो. बर्फाळ थंडीत खिडकी न उघडता प्रकाश आत घ्यायची ही युक्ती. पणजोबांनी शहर उद्ध्वस्त करावं आणि पणतवाने नमाजींसाठी काही उभारावं, असा हिशेब या मशिदीत दोनदा मांडलेला आहे.

निळा रंग या सगळ्या कहाणीत कधी येतो? सावकाश, चोरपावलांनी. इस्फहानजवळच्या सीन गावातल्या ११३२च्या मिनारावर वीटकामात मोरपंखी झिलईच्या टाइल्सनी अक्षरं उमटवली आहेत. पुढे झिलईच्या विटा साध्या विटांमध्ये पेरून भिंतीवर नावं लिहिण्याची पद्धत रुळली, तिला बन्नाई म्हणतात. बन्ना म्हणजे गवंडी. म्हणजे रंग आला तोही गवंड्याच्या नावाने आणि विटेच्या मापाने. मोरपंखी छटा तांब्यापासून, गडद निळी कोबाल्टपासून, आणि ते कोबाल्ट काशान शहराजवळच्या कमसर गावचं. इराणात टाइलला काशी म्हणतात ते या काशानवरूनच.

मग आली मुअर्रक, म्हणजे तुकड्यांची टाइल. प्रत्येक रंगाची लादी वेगळी भाजायची, कारण प्रत्येक रंगाला मानवणारी आच वेगळी. मग छिन्नीसारख्या हत्याराने एकेक पाकळी, एकेक पान, एकेक वळण कापून काढायचं. ते तुकडे नकाशावर उपडे मांडायचे, मागून गच ओतायचा आणि तयार झालेला पट्टा भिंतीवर बसवायचा. हातभर वेलीला दिवसच्या दिवस. रंग मात्र असे की पाचशे वर्षांनी पाहावं तर कालचे वाटतात.

सफवी शाह अब्बासला एवढा वेळ नव्हता. १५९८ मध्ये त्याने राजधानी इस्फहानला आणली, नवं मैदान आखलं आणि १६११ मध्ये त्याच्या दक्षिण टोकाला शाही मशीद सुरू केली. प्रवेशद्वार मुअर्रकमध्ये सजवून झालं आणि ध्यानात आलं की या गतीने मशीद आपल्या हयातीत पुरी होणं नाही. आतल्या अफाट भिंतींसाठी हफ्त-रंग, म्हणजे सात रंगांची पद्धत घेतली गेली. एकाच चौकोनी लादीवर सगळे रंग चितारायचे आणि एकदाच भट्टीत घालायचे. काम झपाट्याने झालं, स्वस्तही पडलं. पण एकाच आचेवर सगळे रंग सारखे खुलत नाहीत. दारातून आत शिरताना नीट पाहिलं तर झिलईची खोली उतरत गेलेली कळते. तरी शाह १६२९च्या सुरुवातीला वारला, तेव्हा मशिदीवरून शेवटचा हात फिरायचा राहिलाच होता. जगभर पोस्टकार्डांवर गेलेली इराणी निळाई ती ही, घाईत भाजलेली.

इस्फहानचे लोक या मशिदीच्या उस्तादाची, अली अकबरची, एक आख्यायिका सांगतात. भिंती उभ्या झाल्या आणि उस्ताद गायबच झाला. शाह संतापला. बऱ्याच काळाने उस्ताद परतला, त्याने जाण्याआधी भिंतीची उंची मोजून लपवून ठेवलेली साखळी काढली आणि पुन्हा मापली. भिंत मधल्या काळात खचून खाली बसली होती. वर घुमटाचा भार घालण्याआधी पाया बसू द्यायचा होता आणि शाहच्या घाईपुढे दुसरा इलाज नव्हता. गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला बांधकाम कळत होतं.

रंगावर इतकी टीका केल्यावर त्याच मैदानावरच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीपाशी मात्र टोपी काढावी लागते. १६०३ ते १६१९ या काळात बांधलेली ही राजघराण्याची खासगी मशीद. हिला मिनार नाहीत, चौक नाही. मैदानाची दिशा वेगळी आणि किब्ल्याची, म्हणजे नमाजाची, वेगळी, म्हणून एक अंधारा बोळ वळण घेत घेत माणसाला नकळत फिरवून आत सोडतो. तिथे टाइलकामाची परमावधी आहे, हे कुणीही मान्य करील. तरी बाहेरून तिच्या घुमटाकडे पाहावं. तो निळा नाहीच. त्याची जमीन बिस्किटाच्या रंगाची, झिलई न दिलेली, भाजल्या मातीची. झिलई आहे ती फक्त वरच्या वेलबुट्टीला. ऊन पडलं की वेल तेवढी चमकते आणि जमीन ऊन पिऊन गप्प राहते. इराणातला सगळ्यात सुंदर रंगीत घुमट सुंदर का, तर त्याने माती झाकली नाही म्हणून. आतल्या मेहराबीत कारागिराने सही केली आहे: इस्फहानचा गवंडी उस्ताद हुसेन, त्याचा मुलगा महंमद रझा.

हा वाद केवळ चवीचा असता तर सोडून देता आला असता. पण इमारतीचं दुखणं ओळखताना आपण पृष्ठभाग पाहतो की हाड, यावर तिचं आयुष्य ठरतं. शाही मशिदीच्या निळ्या घुमटाच्या दुरुस्तीसाठी उभारलेल्या परांच्या दशकाहून अधिक काळ हलल्या नाहीत. २०२२ मध्ये त्या उतरल्या तेव्हा घुमटाची वळणदार रेघ ठिकठिकाणी फुगलेली-दबलेली दिसली, वेलींचे सांधे चुकलेले दिसले. फोटो फिरले, इराणी लोकांनी संताप व्यक्त केला, अधिकाऱ्यांना चूक कबूल करावी लागली. टाइल्स चकचकीत होत्या. त्यांच्याखालचा आकार बिघडला होता. घुमटाची गोलाई डोळ्याने आणि हाताने जोखणारा उस्ताद मधल्या पिढ्यांत कमी होत गेला, याचा तो निळ्या अक्षरांत लिहिलेला दाखला आहे.

त्याहून गंभीर संकट तर दिसतच नाही. झायंदेरूद, म्हणजे जीवन देणारी नदी, हे नाव मिरवणारी इस्फहानची नदी गेल्या दोन दशकांत वर्षातला बराच काळ कोरडी असते. २०२१च्या नोव्हेंबरात हजारो शेतकरी आणि शहरवासी तिच्या कोरड्या पात्रात निषेधाला बसले होते. वर पाणी नाही म्हणून जमिनीखालचं उपसलं जातं, आणि पाणी गेलेली माती दबते. इस्फहानचं मैदान खचत आहे, शहराच्या रस्त्यांना आणि जुन्या इमारतींना भेगा पडत आहेत. विटेचा घुमट भूकंप सोसू शकतो, खाकी घुमटाने तर नऊशे वर्षं ते करून दाखवलं आहे. पण एक कोपरा सावकाश खाली जाऊ लागला तर चाराचे आठ आणि आठाचे सोळा हा सारा हिशेबच फिसकटतो. अली अकबरच्या साखळीची आज खरी गरज आहे. टाइलवरची धूळ पुसायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. भूजलाची पातळी राखायला मिळणारा निधी फोटोत मावत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत आणखी एक शब्द सैलपणे वापरला जातो: मूळ रूप. जुम्मा मशिदीला मूळ रूपात न्यायचं म्हणजे कुठे न्यायचं? आठव्या शतकात नेलं तर खाकी घुमट जातो. सेल्जुक काळात नेलं तर हैदरची मेहराब जाते. १९८०च्या दशकात इराण-इराक युद्धात इराकी हल्ल्यात मशिदीच्या एका भागाची पडझड झाली. ती पुन्हा बांधली गेली, म्हणजे तिथल्या विटा आपल्या हयातीतल्या आहेत आणि त्याही आता इतक्याच मूळ आहेत.

ही निळाई आपल्याही दारापर्यंत आली होती. दौलताबादच्या किल्ल्यातला पंधराव्या शतकातला चांदमिनार एकेकाळी इराणी धर्तीच्या झिलईदार टाइल्सनी मढलेला होता. आज त्या बहुतेक गळून गेल्या आहेत आणि मिनार ठणठणीत उभा आहे. सहलीला आलेली शाळेची मुलं त्याच्या उघड्या अंगाला इतकी सरावली आहेत की तो कधी रंगीत होता हे सांगावं लागतं. मुंबईत डोंगरीच्या गजबजाटात १८६०ची मुघल मशीद आहे, शिराझहून आलेल्या एका इराणी व्यापाऱ्याने बांधलेली. निळ्या टाइल्सची दर्शनी भिंत, दोन मिनार, आत झाडांच्या सावलीत हौद. घुमट मात्र नाही. तिथे काढलेले फोटोही अर्थातच निळे येतात.

इस्फहानच्या जुम्मा मशिदीत येणारा पर्यटक चौकाच्या मध्यावर हौदापाशी थांबतो आणि दक्षिणेच्या साहेब ऐवानाचा फोटो काढतो. तिथे मिनारांची जोडी आहे, सफवी टाइल्स आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं लोंबणारं मुकर्नस आहे. नमाजालाही सगळे त्याच दिशेला तोंड करून उभे राहतात, कारण किब्ला तिकडे आहे. खाकी घुमट उत्तरेला, दरवेश ऐवानाच्या मागे, खांबांच्या अंधाऱ्या रांगांपलीकडे. कॅमेरा आणि किब्ला दोन्ही दक्षिणेकडे असल्यामुळे तिथे सहसा कुणी नसतं.